पित्याकडे, पुत्राद्वारे, आत्म्यात : ख्रिस्ती प्रार्थनेतील त्रैक्य

ख्रिस्ती धर्म देव एकच मानतो, मात्र तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींच्या ऐक्यात नांदतो अशी त्याची श्रद्धा आहे. या सिद्धांताला मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात. एकात तीन आणि तिनांत एक कसा, या कोड्याच्या रूपातच त्याची चर्चा बहुधा होते आणि त्यामुळे त्याचे मूळ झाकले जाते. हे मूळ उपासनेत आहे. आधी प्रार्थना होती, आणि प्रार्थना करणारा नेमका कोणापुढे उभा असतो हे उलगडता उलगडता सिद्धांताला आकार आला.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना पित्याला उद्देशून आहे आणि तो स्वतःही देवाला ‘अब्बा’ या जिव्हाळ्याच्या अरामी संबोधनाने हाक मारीत असे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ही हाक भक्ताच्या ओठी पवित्र आत्म्यामुळे येते असे सांगितले असून, काय मागावे हे माणसाला उमगत नाही तेव्हा आत्माच त्याच्या वतीने विनवणी करतो, असेही म्हटले आहे. म्हणजे प्रार्थना ऐकणारा देव प्रार्थना करणाऱ्याच्या अंतरीही प्रार्थना करीत असतो, आणि त्रैक्याचे सारे मर्म या एका विधानात सामावले आहे. पुत्राला थेट हाक मारण्याची रीतही तितकीच जुनी आहे : पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन दगडांच्या माऱ्याखाली मरताना येशूलाच विनवतो, आणि 112 च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे गातात.

या दोन रीतींचा मेळ घालणे सोपे नव्हते. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन याने प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथात खऱ्या अर्थाची प्रार्थना ख्रिस्ताच्या द्वारे केवळ पित्यालाच करावी असे मांडले. पण प्रवचनांच्या ओघात त्याने स्वतः ख्रिस्ताला आळवले आहे. भक्तीची ओढ सिद्धांताच्या चौकटीत मावत नाही, याची ही बोलकी साक्ष होय. पुढे 393 मध्ये हिप्पो येथील धर्मसभेने वेदीवरील प्रार्थना नेहमी पित्याला उद्देशून असावी, असा नियम केला.

चौथ्या शतकात या प्रश्नाला धार आली. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी, असे आलेक्सांद्रियाचा आरियस शिकवीत असे, आणि त्या मताच्या लोकांना जुने गौरवगानच सोयीचे वाटे. कारण पित्याला पुत्राद्वारे आत्म्यात गौरव असो, या रचनेत पायऱ्या दिसतात. कैसरियाचा बिशप बासिल हा लोकांसमवेत प्रार्थना करताना हे गौरवगान म्हणत असेच, पण कधी पित्याला पुत्रासह आणि पवित्र आत्म्यासह गौरव असो असेही म्हणे. त्यावरून गहजब झाला आणि त्याच्यावर नवे पाखंड आणल्याचा आरोप आला. त्याने सुमारे 375 मध्ये इकुन्याचा बिशप अँफिलोकियस याच्यासाठी ‘पवित्र आत्म्याविषयी’ हा ग्रंथ लिहून उत्तर दिले. देवाची कृपा माणसापर्यंत कशी पोचते हे सांगायचे असेल तेव्हा ‘पुत्राद्वारे, आत्म्यात’ हे योग्य, आणि तिघांची थोरवी गायची असेल तेव्हा ‘पुत्रासह, आत्म्यासह’ हे योग्य, असे त्याचे म्हणणे. त्याचा मुख्य आधार बाप्तिस्म्याचा होता : ज्या तिघांच्या नावाने माणूस पाण्यातून बाहेर येतो, त्याच तिघांची त्याने सारखी उपासना करावी. विशेष असे, की या ग्रंथात बासिल आत्म्याला सरळ ‘देव’ म्हणत नाही. समान मान द्यावा एवढ्यावरच तो ठाम राहतो, कारण त्याला सर्वांना सोबत घ्यायचे होते. 379 च्या आरंभी तो वारला, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने आत्म्याची पित्यापुत्रांसह उपासना होते हे विश्वासांगीकारात नोंदवले.

या विजयाची किंमतही मोजावी लागली, असे ऑस्ट्रियन धर्मपंडित योसेफ युंगमान याने 1925 च्या आपल्या अभ्यासात दाखवले. आरियसच्या धास्तीने ख्रिस्ताच्या देवत्वावर इतका भर दिला गेला, की माणसांच्या बाजूने पित्यापुढे उभा राहणारा मध्यस्थ ख्रिस्त भक्तांच्या नजरेआड झाला आणि ती जागा संतांनी घेतली. जर्मन धर्मपंडित कार्ल राहनर याने तर 1960 च्या दशकात म्हटले, की बहुतेक ख्रिस्ती लोक व्यवहारात निव्वळ एकेश्वरवादीच असतात. राहनरची ही टीका पुस्तकी धर्मज्ञानाला लागू पडते. उपासनेला मात्र ती पुरती लागू पडत नाही.

कॅथलिक मिस्साविधीत याचा प्रत्यय येतो. धर्मगुरू भाकरी आणि द्राक्षारसावर दोन्ही हात पसरून आत्मा पाठवण्याची विनंती पित्याला करतो. रोमन परंपरेच्या जुन्या मुख्य प्रार्थनेत ही विनंती अशी स्पष्ट नव्हती, 1968 मध्ये आलेल्या नव्या प्रार्थनांत ती आली. या प्रार्थनेच्या शेवटी धर्मगुरू भाकरी व प्याला उंच धरून ख्रिस्ताच्या द्वारे, त्याच्यासह, त्याच्यात, आत्म्याच्या ऐक्यात पित्याचा गौरव गातो आणि जमलेले लोक ‘आमेन’ म्हणतात. बासिलच्या वादातले दोन्ही पक्ष तिथे एकाच वाक्यात नांदतात. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत, विशेषतः 1906 च्या लॉस एंजेलिसमधील अझूसा रस्त्यावरील सभांनंतर, आत्म्याचा अनुभव अग्रभागी आला, तरी तिथेही हाक बहुधा येशूला असते.

भारतात बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1898 मध्ये संस्कृत स्तोत्र रचून त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन केले. मराठीची वाट वेगळी आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सच्या 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’त देवबापाला नमन करून कथेला आरंभ होतो, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांच्या अभंगांत मात्र वारकऱ्याची आर्तता थेट ख्रिस्ताकडे वळते आणि त्याला माउली म्हणते. काटेकोर नियमाने पाहणाऱ्याला यात पित्याचा आणि आत्म्याचा उल्लेख कमी वाटेल. पण पौलाच्या दृष्टीने पाहिले तर येशूला प्रभू म्हणणे हेच आत्म्याचे काम आहे, आणि पुत्राच्या जवळ गेलेला माणूस पित्याच्याच घरी पोचलेला असतो. म्हणून टिळकांची भक्ती त्रैक्याच्या बाहेरची ठरत नाही.