डेटाबेस-संपर्क व त्यातील दोषांचे निवारण

डेटाबेस-संपर्क : संगणकात सुसूत्रपणे मांडून ठेवलेल्या माहितीच्या संचयास डेटाबेस म्हणतात. हा संचय प्रत्यक्ष सांभाळणारी आज्ञावली म्हणजे सर्व्हर व त्याच्या देखभालीसाठी वापरकर्त्याच्या हाती असणारी आज्ञावली म्हणजे व्यवस्थापन-साधन होय. या दोहोंमधील देवघेवीच्या मार्गाला डेटाबेस-संपर्क अशी संज्ञा आहे. दोन्ही आज्ञावल्या एकाच टेबलावरील संगणकात असल्या, तरी त्या परस्परांपासून स्वतंत्र असतात. म्हणून साधन सुरळीत उघडले तरी सर्व्हर चालू असेलच असे नाही. संपर्क होत नाही असे दिसताच माहिती नष्ट झाल्याची भीती वाटते; परंतु बहुधा संचय शाबूत असून त्याकडे जाणारी वाट तेवढी अडलेली असते. ती कोणत्या टप्प्यावर अडली हे ओळखणे, हा दोषनिवारणाचा गाभा होय.

प्रस्तुत नोंदीत पोस्टग्रेस-क्यूएल हा सर्व्हर व पीजीॲडमिन हे त्याचे साधन उदाहरणादाखल घेतले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून ही आज्ञावली विकसित झाली. तिला सध्याचे नाव १९९६ मध्ये मिळाले. ती विनामूल्य वापरता येते.

संपर्काचे टप्पे : संपर्कासाठी यजमान संगणकाचे नाव वा पत्ता, पोर्ट-क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द यांची जरुरी असते. एकाच संगणकावरील निरनिराळ्या सेवा ज्या क्रमांकांनी ओळखल्या जातात, त्यांस पोर्ट-क्रमांक म्हणतात. पोस्टग्रेसचा प्रचलित क्रमांक ५४३२, तर मायएसक्यूएलचा ३३०६ आहे. साधन प्रथम नावावरून पत्ता शोधते व त्या पत्त्यावरील पोर्टकडे मागणी पाठवते. सर्व्हर ही मागणी कोठून आली हे नियमावलीशी ताडून पाहतो, परवलीचा शब्द पडताळतो व अखेरीस डेटाबेस उघडतो. एक टप्पा पार पडल्याखेरीज पुढचा येत नाही. त्यामुळे दोषसंदेशावरून मागणी कोठवर पोहोचली हे कळू शकते.

दोषसंदेशांचा अर्थ : पीजीॲडमिनची चौथी आवृत्ती (२०१६) स्वतःचा एक छोटा वेब-सर्व्हर चालवते. तोच सापडत नसल्याचा संदेश आल्यास दोष साधनात असतो, डेटाबेसमध्ये नव्हे. ‘संपर्क नाकारला’ या आशयाच्या संदेशाचा अर्थ संगणक सापडला, पण त्या पोर्टवर मागणी स्वीकारणारे कोणी नाही, असा बहुधा होतो. अशा वेळी सेवा बंद आहे किंवा क्रमांक चुकला आहे, हे पाहावे. मूळ मांडणीत सर्व्हर केवळ स्वतःच्या संगणकावरून आलेल्या मागण्या स्वीकारतो, हेही दुसऱ्या संगणकावरून संपर्क न होण्याचे एक कारण असते. बराच वेळ थांबून ‘मुदत संपली’ असा संदेश आल्यास पत्ता चुकीचा असतो अथवा मध्ये असलेली फायरवॉल मागणी मुकाट्याने गिळून टाकत असते. याउलट ‘नियमावलीत नोंद नाही’ किंवा ‘परवलीचा शब्द अमान्य’ हे संदेश खुद्द सर्व्हरने दिलेले असल्याने जाळ्यातील वाट मोकळी असल्याची ती ग्वाहीच होय. एकाच संगणकावर दोन आवृत्त्या बसविल्यास दुसरीस पुष्कळदा ५४३३ हा क्रमांक मिळतो. मग बरोबर परवलीचा शब्दही चुकीच्या सर्व्हरकडे जाऊन नाकारला जातो. ‘ग्राहकांची संख्या फार झाली’ हा संदेश संपर्कांची मर्यादा (मूळ मांडणीत १००) गाठल्याचे दर्शवितो.

निवारण : प्रथम सेवा चालू आहे काय हे पाहून मग सर्व्हरची दैनंदिन नोंदवही (लॉग) वाचावी, परवलीचा शब्द नाकारण्याचे कारण परक्यास कळू नये म्हणून साधनाला त्रोटक सांगितले जाते, ते तेथे अधिक तपशिलाने आढळू शकते. पीजी_एचबीए.कॉन्फ या नियमावलीच्या फाइलीत वरून खाली पाहताना जुळणारी पहिली ओळच लागू होते. ती अमान्य ठरल्यास पुढील ओळी पाहिल्या जात नाहीत. त्यामुळे ओळींचा क्रम महत्त्वाचा ठरतो. या फाइलीतील बदलासाठी मांडणी पुन्हा वाचविणे पुरते, मात्र पोर्ट बदलल्यास सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा.

धोके : घाईचा उपाय मूळ दोषाहून घातक ठरू शकतो. सर्व्हर चालू असताना त्याची पोस्टमास्टर.पीआयडी ही खूणफाइल पुसून दुसरा सर्व्हर त्याच माहितीवर सुरू केल्यास संचय बिघडू शकतो. नियमावलीत ‘ट्रस्ट’ असे लिहिल्यास परवलीच्या शब्दाविना प्रवेश मिळतो. विसरलेला शब्द बदलण्यासाठी असे करणे भागच पडले, तर ते स्वतःच्या संगणकापुरते व काही मिनिटांपुरतेच असावे. २०१७ च्या प्रारंभी मोंगोडीबी या दुसऱ्या आज्ञावलीचे, परवलीच्या शब्दाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो डेटाबेस अज्ञातांनी पुसून खंडणी मागितली होती. आज्ञावली काढून नव्याने बसविण्याचा मार्ग सर्वांत शेवटी व सर्व्हर बंद असताना माहितीच्या संपूर्ण निर्देशिकेची प्रत अन्यत्र ठेवल्यानंतरच अवलंबावा. आज्ञावली पुन्हा मिळू शकते, परंतु प्रत न ठेवलेली माहिती पुन्हा मिळेलच असे नाही.