हान्स हौगे : नॉर्वेंतील एक शेतकरी-व्यापारी व त्याच्यावरील खटल्याचें दप्तर

हान्स नील्सेन हौगे (१७७१–१८२४) हा धर्मोपदेशक म्हणून नॉर्वेच्या इतिहासांत सर्वश्रुत आहे. त्याच्या व्यापाराचा विचार त्या मानानें मागें पडतो. वास्तविक जुन्या कागदांच्या अभ्यासकास चरित्राचा हाच भाग अधिक फलदायी आहे.

हौगे हें मूळचें शेतवाडीचें नांव. नॉर्वेंतील शेतकरी ज्या वाडीवर राही तिचेंच नांव त्यास लागे. 'नील्सेन' म्हणजे नील्सचा पुत्र. ही वाडी देशाच्या आग्नेय भागांत रोल्व्सोय येथें होती. ५ एप्रिल १७९६ रोजीं शेतांत नांगर धरला असतां त्यास ईश्वरी साक्षात्कार झाला, व तेथून पुढें आठ वर्षें तो उपदेश करीत देशभर हिंडला.

या फिरतींतच त्याचा व्यापार वाढला. त्या काळीं व्यापाराचा हक्क मुख्यतः शहरच्या नागरिकांकडे असे. खेडुताचें क्षेत्र शेत. म्हणून हौगेनें १८०१ सालीं बर्गन शहराचा व्यापारी परवाना मिळविला. त्याचीं गलबतें उत्तर किनाऱ्यास धान्य नेत. ऐकर येथें त्याच्या मंडळींनीं कागदाचा कारखाना उभारला.

१८०४ च्या ऑक्टोबरांत त्यास ऐकर येथेंच अटक झाली. धर्मगुरूंच्या देखरेखीवांचून सभा भरविण्यास १७४१ च्या हुकुमानें मनाई होती, ती त्यानें मोडली हा एक आरोप. दुसरा संशय असा कीं, भोळ्या लोकांचा पैसा तो एका सामाईक पेटींत गोळा करतो. चौकशी-मंडळानें देशभर शेंकडों साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. ज्या वर्गाचा व्यवहार बहुधा तोंडींच चाले, त्याच्या देवघेवीचा एवढा कागद एरव्हीं कोण लिहून ठेवतो? हौगेस दोषी ठरविण्यासाठीं जमविलेलें दप्तरच त्याच्या उद्योगाचें मोठें साधन झालें. मात्र तें जपून वाचावें: प्रश्न सरकारचे आहेत, आणि उत्तर देणारा बहुधा भ्यालेला किंवा रुष्ट आहे.

मध्यंतरीं एक विलक्षण प्रकार घडला. इंग्रजांच्या नाकेबंदीमुळें देशांत मिठाची टंचाई पडली, तेव्हां १८०९ सालीं सरकारनें याच बंदिवानास मीठ तयार करण्याचे कारखाने काढण्यासाठीं तात्पुरतें मोकळें केलें! काम होतांच तो पुन्हा तुरुंगांत गेला. सुटका १८११ मध्यें झाली. १८१३ च्या निकालानें दोन वर्षांची सक्तमजुरी ठरली. पुढच्या वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें ती रद्द करून १००० रिक्सडालर दंड व खटल्याचा खर्च लादला. शिक्षा झाली ती १७४१ च्या हुकुमाच्या भंगाबद्दल व धर्मगुरूंच्या निंदेबद्दल. सामाईक पेटीच्या अपहाराबद्दल नव्हे. संशय हा पुरावा मानून हौगेस लुच्चा ठरविणाऱ्यांनीं हा निवाडा अवश्य पाहावा.

१८१७ मध्यें त्यानें क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ओस्लो, याजवळील ब्रेटवेट ही वाडी घेतली व तेथेंच २९ मार्च १८२४ रोजीं तो वारला. १७४१ चा हुकूम १८४२ मध्यें रद्द झाला. हौगेनें १८१६ सालीं आपल्या प्रवासांचा वृत्तांत छापला होता. पण तो कारावासानंतरचा, यास्तव त्यांतील प्रत्येक प्रसंग जबान्यांशीं व १९७१ पासून चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रांशीं ताडून घ्यावा लागतो.