मांजराकाठची मासळी आणि नवशिकी गृहिणी

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मत्स्याहार वर्ज्य आहे, व तो असावा की नसावा या वादात शिरण्याचा आमचा मनोदय नाही. तथापि शिक्षण, नोकरी आणि विवाह या निमित्ताने हल्ली कोकण-गोव्याकडील सारस्वत घरांतील मुली आमच्या या बालाघाटाच्या मुलखात सुना म्हणून येऊ लागल्या आहेत. आणि ज्यांच्या पानात जन्मापासून मासळी होती, त्यांनी सासरी पाऊल ठेवताच तिचे नावही काढू नये, अशी अपेक्षा आपण न बोलता करीत असतो. कळंबास आमच्याही घरी हेच घडले.

आमच्या पुतण्याच्या पत्नी मालवणाकडच्या. दोन वर्षे त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पुढे बाळंतपणानंतर त्यांची अन्नावरची वासना उडाली, अंगावरचे मांस झडू लागले, आणि डॉक्टरांनी पथ्याची चौकशी करताना प्रथमच ही गोष्ट उघड झाली. आमच्या मातोश्रींनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली असून त्यांचे सोवळे अद्याप कडक आहे. त्या दिवशी त्या बराच वेळ जपमाळ हाती धरून बसल्या. मग म्हणाल्या, “परसातल्या पडवीत चूल मांडा. भांडी वेगळी ठेवा. पोरीला उपाशी ठेवून मला कोणता देव पावणार आहे?”

परवानगी मिळाली, पण पहिलाच प्रयोग फसला, आणि तो आमच्या अज्ञानामुळे. सूनबाईंना आवडते म्हणून आम्ही मोठ्या हौसेने सुरमई आणली. समुद्रापासून कळंबपर्यंत माल यावयाचा म्हणजे निदान एका रात्रीचा प्रवास. वाटेत बर्फ किती वेळा वितळला, किती वेळा पुन्हा घातला, हे कोणी सांगावे? तुकड्या कापून आणलेल्या होत्या, त्यामुळे डोळे पाहावयास नाहीत, कल्ले पाहावयास नाहीत. तव्यावर पडताच असा दर्प सुटला की मातोश्री ओटीवरून उठून देवळात गेल्या. सूनबाईंनी ते सारे उचलून टाकले आणि “आता नकोच, आजींना त्रास होतो,” असे म्हणून चूल विझविली. चूक माशाची नव्हती, शिळेपणाची होती. पण हे घरातील इतरांस कसे पटावे?

पटविले ते एका भोई समाजातील बाईंनी. धनेगावच्या मांजरा धरणातील मासळी त्या टोपलीतून विकावयास आणतात. (नदीचे नावच मांजरा, तेव्हा तिच्याकाठी मासा नाही असे कसे होईल, असा विनोद आमचे बंधू नेहमी करतात.) आम्ही सुरमईचे रडगाणे गाताच त्या म्हणाल्या, “समिंदराचा मासा समिंदराकाठी खावा, ताई. इथं आपल्या पाण्यातलाच घ्यावा. आधी डोळं बघा.”

त्यांनी जे शिकविले ते असे. मासा नेहमी अखंड घ्यावा व आपल्या समक्ष कापून घ्यावा. डोळा फुगीर, स्वच्छ व पाणीदार हवा. खोल गेलेला, दुधाळ डोळा शिळेपणाची खूण होय. कल्ल्याचे झाकण उचलावे. आत तांबडे व ओलसर असावे, विटकरी किंवा करडे नसावे. वरून रंग लावल्याची शंका आल्यास ओल्या फडक्याने पुसून पाहावे. बोटाने दाबले असता खळगा तत्काळ भरून यावा. खवले घट्ट चिकटलेले असावेत. आणि वास? ताज्या माशाला पाण्याचा, शेवाळाचा वास असतो. ज्याला आपण ‘माशाचा वास’ म्हणून नाक मुरडतो तो बहुधा मासा मेल्यानंतर कालहरणाने वाढलेला असतो.

धरणात मुख्यतः मिळतात ते कटला, रोहू व मृगळ. हे मूळचे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातील; साचलेल्या पाण्यात ते सहसा वीण घालीत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ सालच्या जुलैच्या १० तारखेस हिरालाल चौधुरी यांनी कटक येथे मस्तिष्कग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून दख्खनच्या तलावांत त्यांचे बीज सोडणे सुकर झाले. नवशिक्या गृहिणीने दोन-अडीच किलोंचा कटला निवडावा. लहान माशात बारीक, दुफाटी काटे फार, आणि ते शोधता शोधता खाणाराचा धीर सुटतो; मोठ्यात तेच काटे मोठे व दिसणारे असतात. शेपटीकडचा भाग जाणत्यांसाठी ठेवावा, पोटाकडच्या तुकड्या मुलांस द्याव्यात. बारीक काट्यांचे भय फारच वाटत असेल तर मरळ घ्यावा. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून बाजारात पुष्कळदा घमेल्यात जिवंतच मिळतो, आणि ताजेपणाचा प्रश्नच उरत नाही. मात्र अंगाने भारी बुळबुळीत. चुलीतील राख चोळल्यावाचून हाती ठरत नाही.

कापताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, नाहीतर सारा मासा कडू होतो. कोणी कोणी ते पित्त औषध म्हणून कच्चेच गिळतात. त्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा या वैदूपणापासून दूर राहावे. पोटातील काळा पापुद्रा खरवडून काढावा.

गोड्या पाण्यातील माशाला कधी कधी मातीचा वास येतो, आणि समुद्रकाठच्या माणसास तोच खटकतो. सूनबाईंनाही खटकला. पाण्यातील सूक्ष्म जीव जो एक पदार्थ निर्माण करतात त्याचा हा वास असून, आंबटाने तो मोडतो. म्हणून तुकड्यांस मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ चोळून वीस मिनिटे ठेवाव्या व मग धुवाव्या. कोकणात कोकम व तिरफळ हे काम करतात. आपल्याकडे चिंच आहे, ती पुरे.

कालवणाच्या बाबतीत प्रथम आम्ही मालवणी रीतच धरून बसलो होतो. पण येथे मिळणारा ओला नारळ महाग आणि बेचव. शेवटी सूनबाईंनीच येथील जिन्नस हाती घेतले. एक किलो तुकड्यांस दोन कांदे व अर्धी वाटी सुके खोबरे भाजून, दोन चमचे तीळ व आठ-दहा लसूणपाकळ्यांसह वाटावे. तेलात वाटण परतून, त्यात घरचा येसूर दोन चमचे, तिखट, मीठ आणि तीन पेले पाणी घालावे व रस दहा मिनिटे खळखळ उकळू द्यावा. चिंच घालावी. मासा सर्वांत शेवटी. तुकड्या सोडल्यावर आठ-दहा मिनिटांहून अधिक शिजवू नये, आणि डाव मुळीच घालू नये. पातेले दोन्ही कानांस धरून हलके हिंदळावे. मटणासारखा वेळ देण्याची चूक पुष्कळ जण करतात व मग पातेल्यात काटे आणि चोथा एवढेच उरते. तळावयाचा असल्यास तांदळाच्या रव्याऐवजी ज्वारीचे पीठ लावून पाहावे, ते छान खरपूस होते. मात्र कडा आपोआप सुटेपर्यंत उलथू नये.

आमच्या मुलखाला हे सारे नवीन आहे असेही नाही. शेजारच्या बीदर जिल्ह्यातील कल्याणी येथे राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचिला. त्यात मत्स्यविनोदाचे प्रकरण असून माशांच्या जाती आणि त्यांस घालावयाचे खाद्य यांचे वर्णन आहे. हे वाचून दाखविल्यावर मातोश्री इतकेच म्हणाल्या, “राजे लोकांचे काय, ते काहीही करतील.”

असो. हा मासा पावसावर अवलंबून आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१६ साली मांजरा धरण आटले, लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षी माणसांनाच पाणी नव्हते तेथे माशाची काय कथा! अशा वर्षी भोई कुटुंबांची चूल कशी पेटते, हे आमच्यासारख्यांनी टोपलीवर घासाघीस करण्यापूर्वी आठवावे. आम्ही त्या बाईंशी भाव करीत नाही.

सूनबाईंची प्रकृती आता सुधारली आहे. सोमवार, एकादशी आणि श्रावण त्या स्वतःच पाळतात. परसातील चुलीवर पंधरवड्यातून एकदा कालवण होते. मातोश्री त्या पडवीत पाऊल ठेवीत नाहीत. परंतु परवा पातेले खदखदू लागलेले ऐकून त्यांनी माजघरातूनच हाक दिली, “अगं, डाव घालू नकोस हं त्यात. तुकड्या मोडतील.”