चेंडू उचलू नका!

गोल्फ म्हणजे बड्या साहेबलोकांचा खेळ, असे समजून पुष्कळ वाचक हे पान उलटू पाहतील. जरा थांबा. साताऱ्याच्या गल्लीत विटी-दांडू खेळून वाढलेला एक पेन्शनर उतारवयात या खेळाच्या नादी कसा लागला आणि कसा फसला, त्याची ही हकीकत आहे. आणि तो पेन्शनर मीच!

पुण्यास मुलाकडे मुक्काम वाढला, तशी त्याच्याबरोबर मैदानावर माझी जा-ये सुरू झाली. खुंटीवर ठेवलेला चेंडू मी बरा मारीत असे. पण गवतावरचा चेंडू लोखंडी काठीने, म्हणजे ‘आयर्न’ने, मारायची वेळ आली की घात! चेंडू वर चढायचे सोडून जमिनीलगत गोळीसारखा सणाणत सुटे, आणि हातांना अशा झिणझिण्या येत की विचारू नका. जाणकार याला ‘थिन’ फटका म्हणतात. माझा कॅडी दर वेळी सांगे, “साहेब, चेंडू उचलू नका.” मला वाटे, न उचलता तो वर जाणार कसा?

एके दिवशी असाच एक चेंडू, बाजूला उभ्या असलेल्या त्या कॅडीच्या गुडघ्याजवळून गेला. तो काही बोलला नाही. माझे मात्र पाय लटपटले. खेळ बंद! गेल्या दिवाळीत साताऱ्यास जाताना सात नंबरची आयर्न बरोबर घेतली, ती मेव्हण्याच्या मुलाला देऊन टाकण्यासाठी.

मेव्हणा सांगलीचा, शाळेत खेळ शिकवणारा. १९४८ साली अ‍ॅडलेडला एकाच कसोटीत दोन शतके ठोकणारे विजय हजारे सांगलीचे, १९५६ साली मलायात किताब जिंकून आलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरही सांगलीचे. तेव्हा खेळातले सारे आपल्यालाच कळते, अशी त्याची समजूत! मी परसात काठी फिरवून दाखवली. तो खो खो हसला. “दाजी, तुम्ही विटी कोलताय!”

आणि लख्ख उजेड पडला. खळगीवरची आडवी विटी कोलायची म्हणजे दांडू खालून वर उडवायचा. नेटाजवळ खाली आलेले फूलही नाटेकर खालूनच उचलीत. पण आयर्नचे तोंड मुळातच मागे कललेले असते, सात नंबरचे तीसेक अंशांनी. चेंडू वर नेण्याचे काम ते तोंडच करते. आपण उचलायला गेलो की अंगाचा भार उजव्या पायावर राहतो, कोपरे आखडतात, आणि काठी आपला तळ चेंडूच्या अलीकडेच गाठून वर येऊ लागते. चेंडूचा व्यास जेमतेम ४३ मिलिमीटर. काठीची खालची कड थेट त्याच्या पोटावर बसते. तळ याहून मागे पडला तर काठी आधी मातीतच रुतते, तो ‘जड’ फटका. दोघी सख्ख्या बहिणीच म्हणा ना! मुरलेल्या खेळाडूंची सात नंबरची काठी चेंडूला लागते तेव्हा चारेक अंशांनी खाली उतरत असते, असे रडारच्या मोजणीत दिसते. आधी चेंडू, मग माती.

मेव्हण्याने सौभाग्यवतींची रांगोळी पळवली आणि जमिनीवर हातभर रेघ ओढली. रेघ डाव्या-उजव्या पावलांच्या मधोमध ठेवून उभे राहायचे, चेंडू नकोच. कमरेएवढाच झोका घ्यायचा, मूठ सैल, आणि शेवटी भार डाव्या पायावर. माती उडाली पाहिजे ती रेघेच्या पलीकडची. पहिल्या दहा झोक्यांत माझी माती अलीकडचीच उडाली. “अहो, ती दारात घालायची रांगोळी आहे!” असे आतून दोनदा ऐकू आले. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पाचांतले तीन घाव पलीकडे पडू लागले. भाऊबीजेला मी काठी परत पिशवीत घातली. भाच्याची समजूत क्रिकेटच्या बॅटवर काढावी लागली.

तुळशीचे लग्न झाल्यावर पुण्याच्या मैदानावर गेलो. चेंडू उंच गेला, फार लांब नव्हे, पण उंच. आणि त्याच्या पुढचा हिरवळीचा ढपला उडाला. कॅडीने तो उचलून जागेवर बसवला, पायाने दाबला, आणि पुढच्या फटक्याला नेहमीपेक्षा चार पावले लांब जाऊन उभा राहिला.