चहाला नाही म्हणणारे पाहुणे

खामगाव असो, चिखली असो की मेहकर, दारात आलेल्या माणसाला आपण आधी आत बोलावतो, पाणी देतो आणि लगेच चहाचं आधण ठेवतो. कोण, कुठला, कशासाठी आला, हे सगळं नंतर. 'अर्धा कप तरी घ्या' या आग्रहापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. पण याच आग्रहाला हात जोडून नाही म्हणणारी सत्तर हजारांहून अधिक माणसं आज जगभर लोकांची दारं वाजवत फिरत आहेत, आणि त्यातली बहुतेक विशीच्या आसपासची आहेत. मुलांच्या अंगात बहुतेकदा पांढरा शर्ट आणि टाय, मुलींचा साधा नीटनेटका पोशाख, छातीवर काळी नावपट्टी. चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखू तर नाहीच. त्यांच्या पंथाच्या संस्थापकाने, जोसेफ स्मिथने, 1833 साली घालून दिलेलं हे पथ्य आहे.

जग त्यांना मॉर्मन म्हणतं. पंथाची स्थापना 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाली. छळ होत होत ही मंडळी पश्चिमेकडे सरकत गेली आणि 1847 मध्ये त्यांनी आजच्या यूटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वस्ती केली. आज त्यांची संख्या एक कोटी सत्तर लाखांच्या पुढे आहे. 2018 पासून त्यांच्या प्रमुखांचा आग्रह आहे की मॉर्मन हे टोपणनाव सोडून चर्चचं पूर्ण नाव घ्यावं. त्या नावात 'येशू ख्रिस्त' आणि 'अंतिम दिवसांतले संत' हे दोन्ही येतं. इथे सोयीसाठी मी जुनंच नाव वापरतो आहे.

मला या पंथाच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्यांच्या मिशनरीचा आठवडा जास्त थक्क करतो. कॉलेजात जायच्या वयाचा मुलगा अर्ज करतो. कुठे जायचं हे तो ठरवत नाही. वरून निरोप येतो, सगळं घर गोळा होतं आणि त्यांच्यासमोर वाचला जातो: ब्राझील, फिलिपिन्स, घाना किंवा शेजारचंच राज्य. मुलांसाठी दोन वर्षं, मुलींसाठी दीड. मुलांच्या वयाची अट 2012 मध्ये 19 वरून 18 वर आणली गेली. पगार नसतोच, उलट खर्च घरच्यांनी किंवा त्या मुलाने साठवलेल्या पैशांतून करायचा. अमेरिकेतल्या मिशनरीला 2020 पासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात. तो टोकियोला गेला काय आणि एखाद्या स्वस्त गावात गेला काय, रक्कम तीच. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात आणि तिथून ज्याच्या त्याच्या गावच्या महागाईप्रमाणे वाटले जातात. महागड्या शहरात नेमणूक झाली म्हणून गरिबाघरचा मुलगा मागे राहू नये, याची ही तजवीज.

निघण्याआधी प्रशिक्षण. सगळ्यात मोठं केंद्र यूटा राज्यातल्या प्रोव्हो गावात आहे. परकी भाषा शिकायची असेल तर तिथे साधारण दीड-दोन महिने काढायचे आणि मग थेट ती भाषा बोलणाऱ्या लोकांत जाऊन उभं राहायचं. दोन महिन्यांत किती भाषा येणार? मोडकी-तोडकीच. उरलेली रस्त्यावर शिकायची, लोक हसतील ते सोसत.

आता आठवडा. सोमवार बहुतेक ठिकाणी तयारीचा दिवस असतो. कपडे धुणं, इस्त्री, केस कापणं, भाजी-किराणा, घराची झाडलोट आणि घरी फोन. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला एक ई-मेल, त्याच्याही आधी नुसती पत्रं. आता दर आठवड्याला बोलता येतं. तेव्हाच्या आयांनी दोन वर्षांत मुलाचा आवाज चार वेळा ऐकला. आपल्याकडे पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाने रात्री फोन केला नाही तर घरात कुणाला झोप लागत नाही!

सोमवार संध्याकाळपासून गाडं रुळावर येतं. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ-नाश्ता. मग एक तास एकट्याने धर्मग्रंथांचा अभ्यास आणि नंतर जोडीदाराबरोबर. भाषा नवी असेल तर तिच्यासाठी आणखी वेळ. दहाच्या सुमाराला घराबाहेर, रात्री नऊच्या सुमाराला घरात, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही. 2017 पासून गावोगावच्या रिवाजाप्रमाणे या वेळा मागेपुढे करायची सवलत मिळाली, पण चौकट तीच राहिली. प्रत्येक दिवसाची आखणी आधीच होते. कुठल्या गल्लीत जायचं, कुणाला भेटायचं, त्या माणसाशी मागच्या वेळी काय बोलणं झालं होतं, आणि त्याच्या दाराला कुलूप असलं तर त्या वेळात कुठे जायचं, हेही लिहून ठेवायचं. दार उघडणार नाही हे गृहीत धरूनच दिवस आखलेला असतो. काही गावांत ते फुकट इंग्रजी शिकवतात, कुणाचं सामान हलवायला हात लावतात, कुणाच्या अंगणातलं गवत काढतात. अलीकडे बराच वेळ मोबाइलवरच्या संपर्कातही जातो. रविवारी उपासना असते. तिथे प्रभुभोजनात द्राक्षारस नसतो, भाकर आणि साधं पाणी असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी. आपल्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाण्याने खर्च वाढतो. त्या मानाने हा हिशेब मला फार आवडला.

पण या सगळ्यात विलक्षण नियम आहे तो जोडीचा. मिशनरी कधीच एकटा नसतो. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, हा बायबलमधला दाखला त्यामागे आहे. जोडीदार स्वतः निवडायचा नाही. नेमून दिलेल्या त्या माणसाच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात चोवीस तास राहायचं, न्हाणीघर तेवढं वगळून. एक शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा डॉक्टरचा. एक बडबड्या, दुसरा घुमा. एकाला पहाटे उठायची हौस, दुसऱ्याला नऊपर्यंत झोपायची सवय. भांडण झालं तर दार आपटून बाहेर निघून जायची सोय नाही, कारण बाहेर गेलं तरी तो बरोबरच येणार. म्हणून आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसायचं. आपलं कुठे बिघडतंय, तुझं काय खटकतं, माझं काय खटकतं, हे स्पष्ट बोलायचं आणि मग प्रार्थना करून उठायचं. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचे हुकूम निघतात. कधी माणूस बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत अशा अनेक परक्या माणसांबरोबर एका खोलीत संसार करायला लावणं, ही माझ्या मते या पंथाची सगळ्यात मोठी शाळा आहे. दारं किती उघडली हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि जोडीदार नसला तर काय होतं, हे पाहायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. 1852 च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला. बायकामुलांना मागे ठेवून तो आला होता. त्याच्या आधी विल्यम विल्स हा प्रचारक 1851 च्या डिसेंबरात कलकत्त्याला पोचला होता, पण मुंबई-पुण्याकडे फिंडले सुरुवातीला एकटाच. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू व्हायला अजून सात महिने होते, म्हणजे पुण्याला जायचं तर बोरघाट रस्त्यानेच चढायचा. पुण्यात त्या वर्षी नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीराव फुल्यांचा शाळांच्या कामासाठी सत्कार केला होता. स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांचं काम जोरात होतं. मराठी लेखक बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला तोही याच काळात, 1854 मध्ये. धर्म, शाळा, जात यांवरच्या वादांनी शहर ढवळून निघालेलं, आणि त्यात हा ओळखदेख नसलेला माणूस.

फिंडलेने आधी गोऱ्या सोल्जरांत काम केलं, कारण त्यांची भाषा त्याला येत होती. छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना ते खपलं नाही आणि त्याला मज्जाव झाला. दुसऱ्या ख्रिस्ती पंथांचे पाद्री त्याच्याविरुद्ध होते. त्यात 1852 च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकला मॉर्मन प्रमुखांनी आपल्या पंथात बहुपत्नीत्व चालतं हे जाहीर केलं. ती बातमी हिंदुस्थानात पोचली आणि जे थोडे लोक ऐकून घेत होते, तेही दुरावले. फिंडलेने पोटासाठी शिकवण्या केल्या, मराठीचा अभ्यास धरला आणि बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांची एक शाखा पुण्यात उभी केली. पुढे त्याचा भाऊ ॲलन मदतीला आला. 1855 मध्ये मुंबईत त्याची एक पुस्तिका निघाली. ती नाव घेऊन मराठ्यांना उद्देशून लिहिलेली होती आणि खरा, जिवंत देव कोणता हा तिचा विषय होता. आज जिथे ही मंडळी वेळापत्रकात आणि जोडीत फिरतात, तिथे हा माणूस खिशात पैसे नसताना, परक्या भाषेत, महिना-सव्वा महिन्याने पोचणाऱ्या पत्रांच्या आधारावर जगत होता. त्याच्या पंथाचे आणखी तेरा जण 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोहून 1853 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला आले आणि तिथून मद्रास, कराची असे पांगले. 1856 पर्यंत जवळजवळ सगळे परत गेले.

फिंडले पुण्यात होता त्याच काळात, 1853 च्या मे महिन्यात, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आपला बुलढाणा जिल्हा त्या वऱ्हाडातला. मॉर्मन इथवर पोचले नाहीत. इथे आले ते दुसरे अमेरिकन. ए. बी. सिम्प्सन यांनी 1887 मध्ये उभ्या केलेल्या अलायन्स मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यापासून खामगाव, बुलढाणा, मलकापूरपर्यंत कामाला लागले. त्यांची तऱ्हा अगदी उलटी. हे सहा आठवड्यांनी बदलणारे नव्हते. काही जण पंचवीस-तीस वर्षं इथेच राहिले. पावसाळा ठाण्यावर काढायचा आणि हिवाळ्यात बैलगाडीवर तंबू लादून गावोगाव फिरायचं, हा त्यांचा वर्षाचा क्रम. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलामुलींना त्यांनी आश्रमांत घेतलं.

घरदार काही काळ बाजूला ठेवून मोबदल्याविना राबणारा माणूस आपल्या जिल्ह्याला परका नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी भाविकांच्या चपला सांभाळताना, महाप्रसाद वाढताना, फरशी पुसताना दिसतात. त्यात शेतकरी असतो, मास्तर असतो, बँकेतला साहेबही असतो. ठरलेले दिवस सेवा द्यायची आणि आपल्या घरी जायचं. तेही वक्तशीर, तेही शिस्तीचे. फरक एवढाच की सेवेकरी आलेल्याची सेवा करतो आणि मॉर्मन मुलगा न बोलावलेल्या दारात जाऊन उभा राहतो. ते दुसरं मला कितीतरी अवघड वाटतं.

भारतात मॉर्मनांचं आजचं काम पुन्हा रुजलं ते फिंडलेनंतर सव्वाशे वर्षांनी आणि एका भारतीय जोडप्यामुळे. एडविन आणि एल्सी धर्मराजू यांनी सामोआ बेटांवर नोकरीनिमित्त असताना हा पंथ स्वीकारला. 1978 च्या डिसेंबरात ते मिशनरी म्हणून हैदराबादला आपल्या नातलगांत आले आणि 22 जणांचा बाप्तिस्मा झाला. परकी माणसं जिथे टिकली नाहीत, तिथे घरच्या माणसाचं ऐकलं गेलं. 1993 मध्ये बंगळुरूला मिशनचं मुख्यालय झालं, 2007 मध्ये दिल्लीला दुसरं. 2018 मध्ये बंगळुरूला मंदिर बांधायची घोषणा झाली. परदेशी प्रचारकाला भारतात यायचं तर वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. घटनेचं 25 वं कलम धर्माचा प्रसार करायचा हक्क देतं, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला आहे. त्यामुळे इथे गल्लीबोळांतून फिरणाऱ्यांत भारतीय मुलंमुली असतात. तेलुगू घरातला मुलगा दिल्लीत हिंदीशी झटतो आणि त्याच्यासाठी परदेश तोच.

दोन वर्षांनी मुलगा विमानतळावर उतरतो. सगळं घर फलक घेऊन उभं असतं, पण तो अजून मिशनरीच असतो. गावातल्या धर्मप्रमुखाने त्याला रीतसर मोकळं केल्यावरच छातीवरची पट्टी उतरते. मग कॉलेज, नोकरी, लग्न. प्रोव्होत याच पंथाच्या ब्रिघम यंग विद्यापीठात निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना दुसरी एखादी भाषा बोलता येते, कारण त्यातले कितीतरी जण कुठल्यातरी देशातल्या बंद दारांसमोर ती शिकून आलेले असतात. यूटाच्या डोंगराळ खोऱ्यात पोर्तुगीज, टागालोग, जपानी बोलणारे शिक्षक, वकील, दुकानदार भेटतात ते याच कारणाने. ह्यू फिंडले भारत सोडून तिकडे गेला तेव्हा त्याच्याबरोबर थोडीबहुत मराठीही गेली. त्याच्याआधी ती त्या खोऱ्यात कुणाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.