हळद : मांगल्याची आणि आरोग्याचीही

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. हळदकुंकवाचे करंडे उघडतात. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याची लगबग सुरू होते, त्याच सुमारास वसमतच्या शिवारात हळदीचे पीक हिरवेगार उभे असते. वसमतच्या या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले. देवीला वाहिली जाणारी ही चिमूटभर पूड शरीराचेही रक्षण करते काय, याचा विचार या मंगलप्रसंगी करणे आम्हांस उचित वाटते.

आयुर्वेदाने जिला ‘हरिद्रा’ म्हटले, तिच्यातील पिवळे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. 1815 साली ते प्रथम वेगळे करण्यात आले आणि 1910 साली त्याची रासायनिक रचना उलगडली. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखे जड धातू शरीरात गेले की यकृत, मूत्रपिंड व मेंदू यांच्या पेशींना इजा पोहोचते. कर्क्युमिन धातूचे कण बांधून ठेवते आणि पेशींचा दाह कमी करते, असे उंदरांवरील अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र हळदीतील हे द्रव्य आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून विषबाधेची शंका येताच वैद्यकीय उपचारच घ्यावेत; हळदीच्या दुधावर विसंबू नये.

परंतु दैवदुर्विलास असा, की जी हळद शिशापासून रक्षण करील अशी आशा, तिलाच कधी शिशाचा रंग फासला जातो! लेड क्रोमेट या पिवळ्याधमक रंगाने निस्तेज हळकुंडे उजळविण्याचा प्रकार बांगलादेशात 2019 साली उघडकीस आला. तेथील बाजारांतील 47 टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. कठोर कारवाईनंतर 2021 साली हे प्रमाण शून्यावर आले. निर्धार केला तर बाजार शुद्ध होतो, हाच त्याचा बोध.

पूजेच्या तबकाकडेही डोळसपणे पाहावे. हळदीला चुना वा क्षार लागताच ती लाल होते. खरे कुंकू त्यातूनच सिद्ध होते. पारंपरिक शेंदूर मात्र शिशाचेच ऑक्साइड आहे. तो मुलांच्या हाती लागू देऊ नये, तोंडात तर मुळीच जाऊ देऊ नये. शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही.

तेव्हा भडक रंगाला न भुलता परिचित शेतकऱ्याकडून हळकुंडे घ्यावीत आणि घरी दळावीत. आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या सोन्याची शुद्धता जपणे, हीदेखील जगदंबेची पूजाच होय.