ॲस्ट्रोसॅट : भिंतीतून आत आलेलं आकाश

६ ऑक्टोबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-उपग्रहावरचा सीझेडटीआय हा क्ष-किरण कॅमेरा सुरू झाला आणि त्याच दिवशी त्याने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. कॅमेरा ज्या दिशेला रोखलेला होता, त्यापासून हा स्फोट साठेक अंश बाजूला झाला होता. पहिल्याच दिवशी, तेही समोरचं नाही तर बाजूचं दिसलं!

त्याचं कारण बांधणीतच आहे. तीव्र क्ष-किरण साध्या आरशाला दाद देत नाहीत, त्यामुळे इथे भिंग नाही की आरसा नाही. टँटलम धातूच्या पातळ पत्र्यात ठरावीक नक्षीने भोकं पाडलेली आहेत. तिची सावली खालच्या १६,३८४ घरांच्या संवेदकावर पडते. सावली किती सरकली यावरून तारा कुठे आहे ते गणिताने काढायचं. पण किरणांची ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली, की पत्रा आणि कॅमेऱ्याच्या भिंतीही त्यांना अडवू शकत नाहीत. पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर सगळं आकाश आत शिरतं. महाकाय तारे कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना होणारे स्फोट असे आपोआप पकडले जातात. नोव्हेंबर २०२३ पर्यंत अशा स्फोटांची संख्या सहाशेवर गेली.

या कॅमेऱ्याची जडणघडण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झाली आणि त्याच्या निरीक्षणांचा सांभाळ पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था करते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावर एकूण पाच उपकरणं आहेत. अतिनील आणि क्ष-किरण वातावरण खाली पोहोचू देत नाही, म्हणून वर जावं लागतं, हे खरंच. पण एकाच ताऱ्याकडे अतिनीलपासून तीव्र क्ष-किरणांपर्यंत एकाच वेळी पाहता येणं, ही ॲस्ट्रोसॅटची खरी मिजास.

वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघात दर सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणारा एक स्पंदक आहे. १०५४ मध्ये दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष. सीझेडटीआयच्या संवेदकाच्या एका घरात आदळलेला क्ष-किरण कधी कधी उसळून शेजारच्या घरात जातो. तो कोणत्या बाजूला जास्त उसळतो, हे मोजून या स्पंदकाच्या किरणांचं ध्रुवीकरण काढलं गेलं. त्याच्या दोन झोतांच्या मधल्या काळात, जेव्हा काही घडत नाही असं मानलं जाई, तेव्हाच हे ध्रुवीकरण सर्वात जास्त बदलतं, असं निघालं. सिद्धान्त मांडणाऱ्यांना हे अजून पुरतं पचलेलं नाही.

ॲस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीचा व्यास जेमतेम ३८ सेंटिमीटर, तर हबल या अवकाश दुर्बिणीच्या आरशाचा २.४ मीटर. तरीही आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी हबलने पिंजून काढलेल्या आकाशाच्या तुकड्यातच ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश शोधला. हे २०२० मध्ये जाहीर झालं. संवेदकाचा स्वतःचा गोंगाट अगदी कमी, म्हणून अठ्ठावीस तासांहून अधिक काळ पाहत राहिल्यावर हा क्षीण प्रकाश हाती आला. मोठा आरसा म्हणजे मोठा शोध, हे समीकरण मला तेव्हापासून फारसं पटत नाही.

यंत्र थकलंही आहे. निकट-अतिनील कॅमेरा २०१८ मध्येच बंद पडला. क्ष-किरण मोजणाऱ्या तीन जुळ्या पेट्यांपैकी एकीतला वायू गळाला. मुळात आयुष्य धरलं होतं पाच वर्षांचं; तरी काम दहा वर्षांपर्यंत पोहोचलं.

निरीक्षणाचा प्रस्ताव देणाऱ्यांचा राखीव काळ संपला, की सगळी नोंद इस्रोच्या संग्रहात कुणालाही खुली होते. भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधताना तिथे एकदा जरूर डोकवावं.